आढ्याला टांगलेली सायकल

माझ्या वहिनीच्या पोटात दुखायला लागलं की घरात सगळ्यांना आधी कळतं आणि तिला शेवटी. भाकरी थापताना तिचा हात परातीवर जरा जास्तच जोरात आपटतो, ओले कपडे ती वैर असल्यासारखे झटकते, आणि मग ज्याच्यावर जळते त्याचं कौतुक करायला लागते. प्रेमलावहिनी कुणाबद्दल तोंड भरून चांगलं बोलायला लागली की समजावं, तिथे काहीतरी करपतंय. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंचा मोगरा फुलला तेव्हा तिनं त्या मोगऱ्याचं इतकं गुणगान केलं, की शेवटी त्या बाईंनी घाबरून कुंडीला लिंबू-मिरची बांधली.

मी तिची नणंद, उन्नती. नणंदेनं भावजयीबद्दल लिहिलं की लोक एक डोळा मिटून वाचतात, हे मला माहीत आहे. खुशाल मिटा. बोईसरच्या शाळेत जन्मभर पोरांना शिकवलं, लग्न केलं नाही, आणि आता भावाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहते. माझ्या पेन्शनचा तिला हेवा वाटतो आणि तिच्या हातच्या कंदभाज्यांच्या उकडहंडीचा मला. त्यामुळे आमचं बरं चाललंय.

दुकान सायकलींचं. आमच्या बाबांनी ते सायकली तासावर भाड्यानं द्यायला काढलं, दादानं विक्री आणि दुरुस्ती वाढवली. दादा म्हणजे कृष्णकांत सावे, वहिनीचा नवरा. हाताचा चांगला, मनाचा चांगला, पण बोलणं म्हणाल तर उन्हाळ्यातला नळ. जेवताना वहिनी विचारणार, "मीठ बरोबर आहे ना?" तो म्हणणार, "हं." वहिनी विचारणार, "आज गिऱ्हाईक होतं का?" तो म्हणणार, "होतं." त्यापुढे तिनं कितीही वेळ वाट बघितली तरी काही यायचं नाही. लग्नाला तीस वर्षं झाली, तरी ती वाट बघायची.

दुकानात वहिनीचा एकच मान होता, पण मोठा होता. विकलेली सायकल बाहेर पडायच्या आधी तिच्या हँडलला कुंकू लागायचं आणि पुढच्या चाकासमोर नारळ फुटायचा. पहिला तुकडा घरच्या बाईला, बाकीचा गिऱ्हाइकाला आणि उभ्या असलेल्या सगळ्यांना. आई होती तोवर आई, नंतर वहिनी. नारळ केळव्याचे, तिच्या भावाच्या वाडीतले. उंचीपुरी बाई, पदर खोचून एका घावात नारळ फोडते, करवंटी कधी वेडीवाकडी जात नाही. नाक्यावर लोक म्हणायचे, प्रेमलाबायनं नारळ फोडलेली सायकल कुणाला पाडत नाही. असं कुणी म्हणालं की दादा नळ्या-छर्ऱ्यांच्या डब्यात तोंड घालून हसायचा आणि वहिनी दिवसभर फुललेली असायची.

पुढे नव्या सायकली खपेनाशा झाल्या. जुन्या मात्र येऊ लागल्या. कॉलनीतल्या लोकांनी पोरांना हौसेनं घेऊन दिलेल्या डोंगरी सायकली, जाड काटेरी टायरच्या, पुढे-मागे शॉकअप असलेल्या, ढीगभर गिअरच्या. पोरं शिकायला पुण्याला, बंगळुरूला गेली आणि सायकली जिन्याखाली गंजत बसल्या. बोईसरात डोंगर म्हणाल तर रेल्वेवरचा पूल. तरी पोरांना डोंगरी सायकलच हवी होती, आणि आईबापांना ती आता जिन्याखालून जायला हवी होती. दादा त्या उचलून आणायचा, साफ करून परत विकायचा.

त्यातलीच एक लाल सायकल त्यानं जिवलीला विकली. जिवली नागझरीच्या अलीकडच्या पाड्यावरची, मासवण हे तिचं माहेर. एमआयडीसीत कापडाच्या कंपनीत धागे कापायला जाते. अंगानं लहानशी, काटक, आवाज मात्र पार नाक्यापर्यंत जाणारा. सायकल घेऊन गेली आणि काही दिवसांनी तीच सायकल ढकलत परत आली. दुकानाच्या तोंडाशी अशी आडवी लावली की आतल्याला बाहेर नाही आणि बाहेरच्याला आत नाही.

"शेठ, ही सायकल कोनासाठी केली?"

"डोंगरासाठी असते ती," दादा म्हणाला.

"मी डोंगरातच ऱ्हाते ना शेठ. डोंगरात पन कोनी असं वाकून जात नाय."

मी तेव्हा खाली दूध घ्यायला उतरले होते. मला वाटलं, दादा आता नेहमीसारखा "बघतो" म्हणेल आणि संपेल. पण ती थांबलीच नाही. हात बधिर होतात. मान वर करून रस्ता बघावा लागतो, मान दुखते. पाय मारला की सायकल आधी नाचते, मग चालते. टायर रस्त्यावर भुंगा सोडल्यासारखे घोंगावतात. चिखल सगळा पाठीवर. ओढणी चेनमध्ये. डबा ठेवायला जागा नाही. दादा स्टुलावरून उठला, पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "बसून दाखव." मग तिच्या कोपराकडे बघितलं, पाठीकडे बघितलं, आणि माझ्या भावाच्या तोंडून मी सलग इतकी वाक्यं पहिल्यांदाच ऐकली. हँडल वर घेऊ, जवळ आणू. नाचणारे शॉकअप काढू, चाक धरायला साधा चिमटा घालू. टायर गुळगुळीत. पुढची गिअरची जास्तीची चक्रं काढून एकच ठेवू, मागची राहू देऊ, पुलावर लागतील. मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड.

काउंटरवर वहिनी वाती वळत होती. तिच्या हातातला कापूस तसाच राहिला.

सायकल झाली. जिवलीनं चालवून बघितली आणि परत येऊन म्हणाली, पाठ सरळ झाली, पण सीट पुढे झुकते, मी घसरते. दादानं सीट उचलली. ती पुन्हा जाऊन आली. आता गुडघा हँडलला लागतो. दादानं हँडल वाकवून बघितलं, मग दुसरंच आणलं. असं करत करत ती सायकल अशी जमली की तिच्या कंपनीतल्या बाया दुकानात येऊन म्हणू लागल्या, जिवलीसारखी करून द्या. मग अंगणवाडीची ताई आली, फुलं विकणारी आली, मंदिरातला पुजारी आला. कॉलनीतून सायकली येत, दादा त्या खोलून नव्यानं जुळवी, आणि सुट्टीच्या दिवशी जिवली येऊन एकेक चालवून बघे. तिनं "हां, आता बरी" म्हटल्याशिवाय दादा सायकल देईनासा झाला.

"वन्स," वहिनी एकदा मला म्हणाली, "एवढं काय बोलतात हो ही दोघं?"

"सायकलीचं," मी म्हटलं.

"सायकलीचं एवढं काय असतं बोलण्यासारखं?"

तुम्हाला वाटेल तसलं काही तिच्या मनात नव्हतं. दुकान भर रस्त्यावर, दोघांच्या मध्ये कायम एक सायकल, आणि माझ्या भावाचं वय साठीला टेकलेलं. तसलं काही असतं तर उलट सोपं होतं, चार शिव्या हासडून वहिनी मोकळी झाली असती. तिला जळवत होतं ते बोलणं. एके दिवशी दादा जिवलीला विचारत होता, "मान दुखायची थांबली का?" आणि काउंटरवर वहिनी स्वतःच्या मानेवर हात ठेवून बसली होती. तिची मान दोन वर्षं दुखत होती. ते दादाला माहीत होतं की नाही कोण जाणे, विचारलं मात्र कधी नव्हतं.

मग तिनंही प्रयत्न केला. बिचारी चार शब्द पाठ करून आली आणि जेवताना म्हणाली, "शॉकअप काढून साधा चिमटाच बरा, नाही हो?"

"हो," दादा म्हणाला.

"का बरा?"

"बराच असतो," म्हणून त्यानं कालवण मागितलं. मला हसू आलं आणि वहिनीनं ते बघितलं. त्या दिवशी मला कालवण मिळालं नाही.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. वहिनीला सायकल येत नाही. मला येते. फ्रॉकमध्ये होते तेव्हा दादानं मला शिकवली, मागून सीट धरून पळत. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिनंही म्हटलं होतं, मला शिकवा. दादा म्हणाला, "तुला कशाला? मी आहे ना. बस मागे." तेव्हा तिला ते फार गोड वाटलं. मागे बसून ती केळव्याला शितलादेवीला जायची, बाजारात जायची, सगळ्या नाक्याला दिसेल अशी. नंतर स्कूटर आली, मग गुडघे आले. सायकलवाल्याच्या बायकोला सायकल येत नाही, हे नाक्यावर कुणाच्या लक्षातही नव्हतं. तिच्या मात्र जिवली आल्यापासून रोज लक्षात यायला लागलं.

पावसाळा सरत आला होता तेव्हाची गोष्ट. अंगणवाडीच्या ताईची सायकल तयार झाली. तिची सगळी मंडळी जमली, वहिनीनं कुंकू लावलं, पदर खोचला, नारळ फोडला. ताटलीत तुकडे केले. सवयीनं तिचा हात पुढे आला, कारण पहिला तुकडा दादा उचलून तिच्या हातावर ठेवतो, अशीच रीत होती. दादानं तुकडा उचलला आणि शेजारी उभ्या जिवलीला दिला.

"तू चालवून बघितलीस, घे," तो म्हणाला.

त्याच्या मनात काही नव्हतं. माझ्या भावाच्या मनात कधीच काही नसतं, तोच तर त्याचा दोष आहे. जिवलीनंही तो कडकड चावून खाल्ला. वहिनीचा हात मात्र तसाच पुढे राहिला होता, मग तिनं त्या हातानं ताटली सरळ केली. बघणाऱ्यांपैकी कुणाला काही कळलं नाही. मला कळलं, आणि खरं सांगते, मला तेव्हा माझ्या भावाच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली.

जेवताना वहिनी जिवलीचं कौतुक करत होती. काय चटपटीत बाई. काय हुशार. किती गोड बोलते. दादा म्हणाला, "हो, आहे खरी," आणि दुसऱ्यांदा भात मागितला.

पुढच्या सुट्टीला जिवलीचा नवरा तिला शोधत दुकानाशी आला. झिपरू त्याचं नाव, टेम्पोवर हमाली करतो, फार बोलत नाही. त्यांना बाजार करून घरी जायचं होतं आणि जिवली पुलावरून एक सायकल चालवून बघायला गेली होती. वहिनीनं त्याला बाकड्यावर बसवलं, चहा दिला, वर खोबऱ्याचा तुकडा दिला. मी जिन्यात उभी होते.

"झिपरू, तुझी बायको इथं आली की काय खुलते रे," वहिनी म्हणाली. आवाजात साखर. "घरीपण एवढी बोलते का?"

झिपरूनं चहाचा घोट घेतला. विचार केला. "नाय बा," म्हणाला.

"असं? मला वाटलं घरीपण बोलत असेल."

बस्स, एवढंच. एक वाईट शब्द नाही. ज्या प्रश्नानं तिची झोप गेली होती तो तिनं दुसऱ्याच्या पदरात टाकला आणि कपबशी उचलून आत गेली. झिपरूनं राहिलेला चहा तसाच ठेवला.

त्यानंतर जिवली आली नाही. पुढच्या सुट्टीला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. दादा म्हणाला, भातकापणी असेल. कापणी झाली, दिवाळी झाली, तरी नाही. दुकानात जमवलेल्या सायकली ओळीनं उभ्या राहिल्या. दादा स्वतः एकेक घेऊन गल्लीत फेरी मारायचा आणि परत येऊन स्टुलावर बसायचा. "मला सगळ्या सारख्याच लागतात," तो मला म्हणाला. साहजिक होतं. पोटात होता तेव्हापासून सायकलीवर बसलेला माणूस, कुठल्याही सायकलीवर त्याचं अंग आपोआप बसतं. दुखतं कुठे ते त्याला कळायचं तरी कसं?

आणि नळ पुरता आटला. आधी "हं" तरी यायचं. आता वहिनीनं मीठ विचारलं की तो ताटाकडे बघायचा, जणू ताटच उत्तर देईल.

एकदा धीर करून ती म्हणाली, "मी बसून बघू का एखादीवर? मला कुठं दुखतं ते सांगेन."

"तुला येत नाही ना," दादा म्हणाला. तो खोचक बोलला नाही, आहे ते बोलला. वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली. परात आपटल्याचा आवाज आला नाही, म्हणून मला काळजी वाटली.

दुसऱ्या सकाळी, सुट्टीच्या दिवशी, ती चांगली साडी नेसून, पिशवीत दोन नारळ घालून माझ्या दारात उभी. "वन्स, चला. जिवलीकडे जायचंय."

"भांडायला?"

"आणायला तिला." मग पायरीकडे बघत म्हणाली, "मला त्यांचं गप्प बसणं बघवत नाही. ती होती तेव्हा निदान ऐकायला तरी मिळायचं."

मी चप्पल घातली.

शेअर रिक्षानं नागझरीच्या वाटेला उतरलो आणि पाड्यापर्यंत चालत गेलो. झिपरूचं घर कुडाचं, पुढे सारवलेलं खळं. धान उचलून झालं होतं, बाजूला पेंढ्याची उडवी रचलेली. झिपरू दारात बसून दोर वळत होता. आत नजर गेली आणि आम्ही दोघी थबकलो. घराच्या आढ्याला, बियाण्याच्या गाठोड्यांच्या शेजारी, जिवलीची लाल सायकल दोरानं टांगलेली होती. हँडल खाली, चाकं वर, सीटवर धुळीचा थर.

"ही खाली काढ," वहिनी म्हणाली. राम राम नाही की बरा आहेस का नाही.

"नाय," झिपरू दोर वळत म्हणाला. "तिच्यावर बसली का ती घरची ऱ्हात नाय. तठं बोलत बसते. घरा आली का तोंड मिटते. एवढं काय बोलते त्या शेठसंगं?"

"सायकलीचं बोलते," वहिनी म्हणाली.

"सायकलीचं एवढं काय असते?"

मी वहिनीच्या तोंडाकडे बघितलं. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण आपल्याच चुलीचा धूर परक्याच्या घरात नाकात गेला की माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं. आधी ती लाल झाली. मग तिनं पिशवी खाली आपटली.

"काय असते म्हणजे? सीट पुढं झुकली तर माणूस घसरतं. हँडल लांब असलं तर हात बधिर होतात, मान वर धरून धरून दुखते. चिमटा साधा नसला तर पाय मारलेला फुकट जातो. तुझ्या बायकोची मान दुखत होती, माहीत होतं तुला? विचारलंस कधी? ती तिकडं बोलते कारण तिकडं तिला कुणी विचारतं!"

काउंटरवर बसून चोरून ऐकलेलं सगळं तिला पाठ होतं. झिपरूनं दोर खाली ठेवला.

"पन बाय," तो म्हणाला, "तुमीच त बोललात मला. ती हितं खुलते, घरी बोलते का म्हनून. मी त त्याच्या आधी इचार पन नव्हता केला."

मागे खडखड झाली. जिवली लाकडाची मोळी घेऊन उभी होती. तिनं ती खळ्याच्या कडेला टाकली आणि आमच्याकडे बघत राहिली.

"बाय? तुमी बोललात?"

वहिनीला खोटं बोलता आलं असतं. झिपरूच्या शब्दाला काय वजन, आणि मी तिच्या बाजूनं उभीच होते. पण तिनं पदर कमरेला खोचला, नारळ फोडायच्या आधी खोचते तसा.

"हो, मीच बोलले. जळत होते तुझ्यावर. माझा नवरा तुझ्याशी बोलतो तसा माझ्याशी बोलत नाही. माझा नारळाचा तुकडा त्यानं तुला दिला. मला नाही सोसलं. अजूनही नाही सोसत."

"चालत गेली मी रोज," जिवली म्हणाली. तिचा मोठा आवाज एकदम लहान झाला होता. "हितनं कंपनीपरत. उशीर झाला का दारातनं परत लावायचे. येताना अंधार, टरका अंगावर येतात. तुमच्या एका बोलानं."

मग जिवली घरात गेली, खाटेवर चढली आणि आढ्याचा दोर सोडायला लागली. झिपरू उठला, पण तिला अडवायला नव्हे. खालून सायकल धरली त्यानं, नाहीतर ती तिच्या डोक्यावरच आली असती. शेजारून पंप आला, हवा भरली. जिवलीनं ओढणीनं सीट पुसली आणि सायकल खळ्यात आणून वहिनीसमोर उभी केली.

"बसा."

"मला येत नाही," वहिनी म्हणाली.

"म्हाईत हाय. शेठ बोलला होता. बायला सायकल शिकवायची ऱ्हाऊन गेली म्हनला. आता म्हनलं त चिडंल म्हनला."

मला वाटलं, आता हिचे डोळे भरून येतील. कसलं काय! वहिनीचा नुसता तिळपापड झाला. "हेही तुलाच सांगितलं? माझी गोष्ट, ती पण तुलाच?"

"मला नाय त कोनाला? मी इचारलं ना त्याला, बाय का नाय चालवत."

वहिनीनं सायकलीचं हँडल धरलं. "बरं," ती म्हणाली. "त्याला तुलाच सांगायचंय ना? मग मीपण आता तुलाच सांगेन." आणि साडी वर खोचून ती त्या लाल सायकलीवर चढली. सीट तिच्या मापाची नव्हती, गुडघे पार छातीशी आले. जिवलीनं मागून कॅरिअर धरलं. झिपरू पुढे हात पसरून उलटा पळत होता, म्हणत होता, "बाय, माझ्याकडं बघा, चाकाकडं नाय." पहिल्या फेरीत ती सरळ उडवीत घुसली आणि पेंढ्यातून नुसते पाय बाहेर दिसत होते. पाड्यावरची सगळी माणसं जमली. जिवली आधी हसली नाही. मग हसायला लागली ती थांबेचना. वहिनी केसातला पेंढा काढत ओरडली, "हसतेस काय, सीट खाली आहे तुझी, माझे गुडघे लागतात!"

"मंग सांगा ना," जिवली म्हणाली, "कुठं लागतात?"

मी खळ्याच्या कडेला नारळांची पिशवी धरून उभी होते. मला चांगली सायकल येते, पण माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

जिवली यायला लागली. सायकलवरून, सुट्टीच्या सकाळी लवकर, आणि दादा शटर उघडायच्या आधी दोघी शाळेच्या मैदानावर. झिपरूपण यायचा, लाजत लाजत; सायकल त्यालाही येत नव्हती. वहिनी पडली तरी उठून बसते म्हटल्यावर त्याचीही भीड चेपली आणि तोही शिकायला लागला. आता दुकानात सायकल आली की जिवली चालवून बघते, मग वहिनी बघते. लहान चणीच्या बाईला जी बरी ती मोठ्या अंगाच्या बाईला बरी नसते, हे वहिनी मैदानावर पडून पडून शिकली. त्यामुळे दादाच्या ओळीतल्या अर्ध्या सायकलींच्या सीटा रुंद झाल्या आणि हँडलं बदलली.

वहिनीसाठी दादानं एक मोठ्या फ्रेमची निळी सायकल बांधली. न सांगता, गुपचूप, तासन्‌तास पान्याशी खेळत. ती दिली त्या दिवशी कुंकू लागलं, नारळ फुटला. पहिला तुकडा दादानं आठवणीनं उचलला आणि वहिनीच्या हातावर ठेवला. वहिनीनं तो दातानं मधोमध तोडला आणि अर्धा जिवलीला दिला. मग दोघी सायकली काढून पुलाकडे गेल्या आणि बऱ्याच वेळानं, गप्पा मारत मारत, परत आल्या. दादा रस्त्यावर येऊन उभाच होता.

"सीट कशी वाटते?" त्यानं विचारलं.

"जिवलीला सांगितलंय," वहिनी सायकल स्टँडला लावत म्हणाली. "तिला विचारा."

दादानं जिवलीकडे बघितलं. "मागं घ्या थोडी, शेठ," जिवली म्हणाली. "बाकीचं आमचं आमचं झालं बोलून." आणि दोघी बाकड्यावर बसून उरलेलं खोबरं खात पुन्हा कुजबुजायला लागल्या.

दादानं सीट मागे घेतली. पाना पुसला. काउंटरवर जाऊन बसला, वहिनी बसायची त्याच जागी, वातींच्या कापसाशेजारी. थोड्या वेळानं जिना चढून माझ्या खोलीत आला. तो वर सहसा येत नाही. खिडकीतून खाली बाकड्याकडे बघत उभा राहिला.

"उन्नती, एवढं काय बोलतात गं दोघी?"

"सायकलीचं," मी म्हटलं.

माझा भाऊ, ज्याचा जन्म सायकलीच्या दुकानात गेला, खिडकीचा गज धरून म्हणाला, "सायकलीचं एवढं काय असतं?"